‘अमूल्य’ हा शब्द तुला आधीच येत होता

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. ओळख कळू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. दहावीपर्यंत ती गावच्या मराठी शाळेत शिकली. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, गुण चांगले पडले, म्हणून बेळगावला पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला प्रवेश घेतला. तिथे सगळं इंग्रजीत. जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं की एका पानावर वीस-पंचवीस शब्द अडतात. पहिले दोन महिने तिने रोज तीस शब्द पाठ केले. आठवड्याने त्यातले जेमतेम पाच आठवायचे. मग ओळखीच्या एका दादाने मोबाईलवर दीडशे प्रिफिक्सची, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीला जोडल्या जाणाऱ्या तुकड्यांची, उपसर्गांची, यादी पाठवली. एवढी पाठ कर, मग डिक्शनरी लागणार नाही, म्हणाला. तिने केली. पुढे इंग्रजीच्या चाचणीत तिने ‘इन्फ्लेमेबल’चा अर्थ ‘न जळणारा’ आणि ‘इनव्हॅल्युएबल’चा अर्थ ‘कवडीमोलाचा’ असा लिहिला. ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचलं गेलं आणि सगळे हसले. ती विचारते : ‘काकू, हे प्रिफिक्स वगैरे सगळं फसवंच असतं का? मराठी माध्यमात शिकले ही चूक झाली का? मी आर्ट्सला जाऊ का? माझे हाल बघून बाबा धाकट्या भावाला पाचवीपासून इंग्लिश मीडियमला घालायचं म्हणतायत. हे माझ्यामुळे होतंय असं वाटून झोप लागत नाही.’

मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वर्ग हसला ती गोष्ट तू एका ओळीत उरकली आहेस, पण पत्रभर तीच ठसठसते आहे. म्हणून त्या दोन चुकांपासूनच सुरुवात करते. कागदावर त्या सारख्याच दिसतात, पण आहेत अगदी वेगळ्या.

आधी ‘इनव्हॅल्युएबल’ घेऊ. तुझ्या यादीत ‘इन म्हणजे नाही’ असं होतं, म्हणून तू ‘किंमत नसलेला, कवडीमोलाचा’ असा अर्थ लावलास. आता मराठीतला ‘अमूल्य’ घे. अ म्हणजे नाही, मूल्य म्हणजे किंमत. तरी आजवर कधी तू ‘अमूल्य’चा अर्थ ‘फुकटचा’ असा घेतला आहेस का? ‘असंख्य’ म्हणजे शून्य असं तुला कधी वाटलं का? नाही. ज्याचं मोल करता येत नाही इतकं ते मोठं, जे मोजून संपत नाही इतकं ते पुष्कळ, हे तुला न शिकवता कळलेलं आहे. अगणित, अपार, अथांग हे शब्दही तसेच. ‘इनव्हॅल्युएबल’चे सांधेही हेच आहेत : नाही, मोल, करण्याजोगं. म्हणजे उत्तर तुझ्याजवळ होतं. तू मात्र आपली मराठी वर्गाच्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवलीस आणि अनवाणी आत गेलीस.

‘इन्फ्लेमेबल’ची गोष्ट निराळी. तिथे मराठीही कामाला आली नसती. या शब्दातला ‘इन’ नकाराचा नाहीच. तो लॅटिनमधला ‘आत, मध्ये’ या अर्थाचा ‘इन’ आहे. इन्फ्लेम म्हणजे पेटवणे, म्हणून इन्फ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारा. निपाणीकडून बेळगावकडे येणाऱ्या महामार्गावर गॅसचे आणि पेट्रोलचे टँकर जातात, त्यांच्या मागे हा शब्द लाल अक्षरांत लिहिलेला तू पाहिला असशील. तुझ्यासारखा घोटाळा इतक्यांचा होतो, की सुरक्षिततेच्या पाट्यांवर ‘इन’ गाळून नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहायची पद्धत पडली. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांच्यासाठी पाटी बदलावी लागली. तेव्हा या चुकीची लाज तू मनातून काढून टाक.

आता तुझा पहिला प्रश्न. शब्दाचे तुकडे फसवे नसतात. पण तुकडा अर्थ सांगतो, असं तू धरून चालली आहेस, आणि घोळ तिथेच आहे. तुकडा फक्त अंदाज देतो. तो अंदाज वाक्यात बसतो का, हे आपण पाहायचं असतं. आपल्याच भाषेत बघ. ‘अनुभव’, ‘अनुकरण’, ‘अनुयायी’ यांत ‘अनु’ हा उपसर्ग आहे : मागोमाग, च्यासारखं. ‘अनुपस्थित’मध्ये तो नाही. तिथे अन् अधिक उपस्थित अशी फोड आहे. ‘अनुत्तीर्ण’ही तसाच. मी शाळेत शिकवत होते तेव्हा एक आई मुलाचा निकाल घेऊन माझ्याकडे आली होती. कागदावर ‘अनुत्तीर्ण’ छापलेलं. तिने त्यातल्या ‘उत्तीर्ण’वर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘पास झालाय ना बाई?’ ती तीन अक्षरं तिने बरोबर वाचली होती. पुढच्या ‘अन्’ने काय केलं होतं, ते मला तिला सांगावं लागलं. तेव्हापासून वर्गात उपसर्ग शिकवताना मी आधी हा शब्द फळ्यावर लिहायची.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत त्याच भांड्यातलं हवं. तुझी दीडशेची यादी म्हणजे भलत्याच भांड्यांतली शितं एका ताटलीत गोळा केलेली आहेत. म्हणून ती पाठ होऊनही उपयोगी पडली नाही.

मग तुकडे शिकायचे कसे? तू मराठीत शिकलीस तसेच. ‘बे’ म्हणजे विना असं कुठल्या बाईंनी तुला पाठ करून घेतलं होतं? बेचव, बेवारस, बेइमान, बेभरवशाचा असे शब्द कानावर पडत गेले आणि सांधा आपोआप लक्षात आला. गैरहजर, गैरसमज. बिनपगारी, बिनविरोध. सरपंच, सरदार, सरकार आणि आपण जिथे राहतो ती सरहद्दसुद्धा. त्यातला ‘सर’ म्हणजे फारसीत डोकं, शिर. पोटभाडेकरू, पोटजात, पोटनिवडणूक यांतला ‘पोट’ तर अस्सल घरचा. इंग्रजीतला ‘सब’ आणि संस्कृतातला ‘उप’ जे काम करतात, तेच तो करतो. आणि ज्या शब्दाची सगळ्यांना धास्ती, तो ‘नापास’! पुढचा ‘ना’ फारसी, मागचा ‘पास’ इंग्रजी, आणि जोड मराठी माणसाच्या तोंडात झालेली. एवढे सगळे सांधे तुझ्या कानाला ठाऊक आहेत. इंग्रजी पुस्तकासमोर बसताना हाच कान उघडा ठेवायचा आहे.

पुस्तकातलंच एक उदाहरण घेऊ. तुझ्या या वर्षीच्या जीवशास्त्रात फळाच्या भागांची नावं आहेत : एपिकार्प, मेसोकार्प, एंडोकार्प. ती कागदावर घोकू नकोस. घरात न सोललेला नारळ असेल तर तो पुढ्यात घे. वरची पातळ गुळगुळीत साल म्हणजे एपिकार्प. तिच्या आतलं सोडण, ज्याचा काथ्या निघतो, ते मेसोकार्प. त्याच्या आत करवंटी, ती एंडोकार्प. कार्प म्हणजे ग्रीकमध्ये फळ. एपि म्हणजे वरचं, मेसो म्हणजे मधलं, एंडो म्हणजे आतलं. तिन्ही मिळून फळाची जी भिंत होते ती पेरिकार्प, पेरि म्हणजे भोवतालचं. आता नारळ वाढव. आतलं खोबरं आणि पाणी या दोन्हींना पुस्तक एंडोस्पर्म म्हणतं. ‘एंडो’ तुला आत्ताच भेटला. ‘स्पर्म’ म्हणजे बीज. तोच ‘स्पर्म’ पुढे जिम्नोस्पर्ममध्ये येतो. जिम्नो म्हणजे उघडं. प्राचीन ग्रीक लोक उघड्या अंगाने व्यायाम करत, त्यावरून व्यायामशाळेला जिम्नॅशियम आणि आपल्याकडे जिम. जिम्नोस्पर्म म्हणजे उघड्या बियांची झाडं, मराठी पुस्तकातली अनावृतबीजी. अँजिओस्पर्मचा ‘अँजिओ’ही तुझ्या ऐकण्यातला आहे. गावात कुणा ना कुणाच्या आजोबांची अँजिओग्राफी झालेली असतेच. अँजिओ म्हणजे पात्र, वाहिनी. रक्तवाहिन्यांचं चित्र काढतात ती अँजिओग्राफी, आणि ज्यांचं बी पात्रात झाकलेलं असतं त्या अँजिओस्पर्म वनस्पती.

बघ, एका नारळावरून सात-आठ तुकडे झाले. यादीतून हेच तुकडे पाठ करायला तुला एक संध्याकाळ लागली असती आणि रविवारपर्यंत ते उडून गेले असते.

आता ‘मराठी माध्यम ही चूक झाली का’ या प्रश्नाकडे येते. हे शब्द इंग्रजीचे घरचे नाहीत. जिम्नोस्पर्म पहिल्यांदा वाचताना इंग्लिश मीडियमच्या मुलीलाही तो परकाच असतो, कारण तो ग्रीक आहे. तुझ्याजवळ मात्र ‘अनावृतबीजी’ आहे, आणि त्या शब्दाच्या पोटातच अर्थ आहे. शिवाय ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एका मुळातून निघालेल्या भाषा. भाषांचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे तशी मांडणी केली आणि पुढच्या अभ्यासाने ती पक्की झाली. म्हणून पेरिमीटर आणि परिमिती हे शब्द भावंडांसारखे दिसतात : पेरि म्हणजे परि, मीटर म्हणजे मिती. मेसो आणि मध्य एकाच मुळातले. इंटर आणि अंतर तसेच.

तुला हायपर आणि हायपो यांत नेहमी गोंधळ होतो, असं तू पत्रात लिहिलं आहेस. तो यानेच सुटेल. हायपरचा भाऊ संस्कृतातला ‘उपरि’, म्हणजे वर. हायपोचा भाऊ ‘उप’, म्हणजे खाली, जवळ. शेवटी ‘र’ ऐकू आला की वर. हायपरटेन्शन म्हणजे रक्तदाब वर. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर खाली. नकाराचा ‘अ’ तर ग्रीकमध्ये नियमासकट आपलाच आहे. पुढे व्यंजन असेल तर अ, स्वर असेल तर अन् : अशक्त, पण अनादर, असिमेट्री, पण अ‍ॅनिमिया. यातला ‘ईमिया’ म्हणजे रक्ताची अवस्था, जी हायपोग्लायसेमियाच्या शेपटीलाही आहे. सगळ्याच इंग्रजी तुकड्यांना मराठीत भाऊ सापडणार नाही. पण जिथे सापडतो तिथे घोकायची गरज उरत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण ती तुला दुसरं कुणी सांगेल असं वाटत नाही. तू वीस-पंचवीस शब्द अडतात म्हणतेस, पण ते सगळे असे मोठे शास्त्रीय शब्द नसणार. ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘हेन्स’, ‘अ‍ॅडजेसंट’ असे शब्दही त्यात असतील. हे शब्द वाक्याचे सांधे आहेत. ते निसटले की शास्त्रीय शब्द कळूनही वाक्य कळत नाही. तुकडे करून त्यांच्याबद्दल फारसं हाती लागत नाही. इंग्लिश मीडियमची मुलं खरोखर पुढे असतात ती इथे, आणि ते अंतर वाचनानेच भरून निघतं. म्हणून पुढचे आठ दिवस अडलेला प्रत्येक शब्द दोन याद्यांत लिही : एकीत शास्त्राचे, दुसरीत वाक्याचे. दुसरी यादी तुला वाटते त्यापेक्षा बरीच छोटी निघेल. तेच चाळीस-पन्नास शब्द पुस्तकभर फिरत असतात. तेवढे मात्र वाक्यासकट पाठ कर. आणि एखादा पाठ इंग्रजीत वाचण्याआधी त्या विषयावरची मराठी विश्वकोशातली नोंद वाच. विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, आणि शास्त्रीय शब्दांसोबत त्यात बऱ्याच ठिकाणी इंग्रजी शब्दही दिलेला असतो.

पहिल्या यादीसाठी एक जाड वही कर. एका पानावर एकच तुकडा. मध्यभागी ‘एंडो’ लिही, त्याखाली अर्थ, आणि पुस्तकात जसजसे शब्द भेटतील तसतसे भोवती मांडत जा. ज्या तुकड्याचा निदान एक शब्द तुला आधीपासून माहीत नाही, त्याचं पान उघडूच नकोस. महिन्याला दहा पानं पुष्कळ झाली. नवा शब्द दिसला की आधी पेन्सिलीने अंदाज लिही, मग शब्दकोश बघ, मग पेनाने खरा अर्थ लिही. अंदाज चुकला तर पेन्सिल खोडू नकोस. ‘इन्फ्लेमेबल’सारखे शब्द त्या चुकलेल्या अंदाजासकटच लक्षात राहतात. डिक्शनरी लागणार नाही हे त्या दादाचं म्हणणं तेवढं सोडून दे. त्याने मदत म्हणूनच पाठवलं होतं, पण मी आयुष्यभर भाषा शिकवली आणि शब्दकोश अजून माझ्या उशाशी असतो.

कन्नडचं तू पत्राच्या शेवटी नुसतं ‘ते तर वेगळंच ओझं’ असं म्हटलं आहेस. मला ते इतकं वेगळं वाटत नाही. बेळगावात येता-जाता पाट्या वाचतेस ना? उपनोंदणी कार्यालयाच्या पाटीवर असतं ‘उपनोंदणाधिकारिगळ कचेरि’. बसमधून दिसलं तर धडकी भरावी इतकं लांब. आता फोड : उप, नोंदणी, अधिकारी, कचेरी. चारही शब्द तुझ्या घरचे. उरला तो फक्त ‘गळ’, म्हणजे आदरार्थी ‘यांची’. कन्नडची खरी चाल शब्दाच्या मागच्या बाजूला आहे : ‘इंद’ म्हणजे हून, ‘गे’ म्हणजे ला, ‘अल्लि’ म्हणजे मध्ये. गावांच्या नावांतही बघ, येळ्ळूरमधला ‘ऊर’ म्हणजे गाव. कन्नड वाचताना शब्दाची शेपटी आधी धरायची.

फक्त ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दांना कन्नडमध्ये जपून राहा. रस्त्यावर ‘निधानवागि चलिसि’ लिहिलेलं असतं. त्या ‘निधान’चा आपल्या ठेव्याशी, खजिन्याशी संबंध नाही, सावकाश चालवा, असं ती पाटी सांगते. आणि कन्नडमधलं ‘अनुमान’ म्हणजे बहुतेक वेळा शंका, संशय. सीमाभागातल्या कचेऱ्यांत या एका शब्दाने झालेले गैरसमज मी पाहिले आहेत.

तुझ्यासारखी पत्रं मला शिक्षकांची आणि पालकांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. चुकलेलं उत्तर वर्गात वाचायचंच असेल तर मुलाने ते का लिहिलं, हे आधी विचारा. या मुलीने शब्द बरोबर जागी तोडला होता. ‘अमूल्य’ची आठवण कुणी दिली असती तर वर्गासमोर उत्तर तिनेच दुरुस्त केलं असतं.

भावाचं बाबांशी बोलताना रडू नकोस आणि भांडूही नकोस. त्यांना कशाची काळजी वाटते ते विचार. शाळा लांब आहे, शिक्षक कमी आहेत, पट घटतो आहे, अशी कारणं असतील तर ती खरी आहेत आणि त्यांचा विचार करायलाच हवा. पण ताईला दोन शब्द चुकले हे कारण पुरेसं नाही, आणि हे त्यांना तूच सांगू शकतेस. भावाचं इंग्रजी कच्चं राहू नये असं वाटत असेल तर मराठी शाळेत ठेवूनही त्याला रोज अर्धा तास इंग्रजी गोष्टी वाचून दाखवता येतात. तू वाचलंस तर तुझी दुसरी यादीही त्यात कमी होईल. शेवटी निर्णय आईबाबांचा आहे. तो कुठलाही झाला तरी तो तुझ्या चाचणीच्या कागदावर लिहिलेला नव्हता.

आर्ट्सबद्दल मी आज काही सांगणार नाही. इतिहास, भाषा यांची ओढ असेल तर आनंदाने जा. शब्दांना भिऊन मात्र जाऊ नकोस, कारण शब्द तिथेही असतात आणि तेही अवघडच असतात. सहामाहीपर्यंत वही चालवून बघ. मग मला लिही : किती पानं भरली, दुसऱ्या यादीत किती शब्द उरले. आणि एखादा शब्द कितीही प्रयत्न करून फुटला नसेल, तर तो त्या पत्रात वर, पहिल्या ओळीत लिहून पाठव.

तुझी,
काकू